संक्रांतीच्या वाणासाठी क्रोशाचे पतंग: इन्स्टावर कधीपासून टाकू?

क्रोशेवाली, वडोदरा: दांडिया बाजारात राहते. सुती दोऱ्याचे छोटे पतंग विणते, किल्लीला अडकवायचे. इथे १४ जानेवारीला गुजराती शेजारी गच्चीवर आणि आपल्या बायका हळदीकुंकवाच्या तयारीत, म्हणजे गिऱ्हाईक दुहेरी. पण इन्स्टावर नुसतं 'किती गोड गं' येतं, ऑर्डर नाही. सासूबाई म्हणतात, गोडावर दुकान चालत नाही!

रावपुऱ्याची काकू: अगं, दिवाळीचा कंदील उतरला की लगेच सुरू कर. वाण डझनाने लागतं आणि हाताचं काम आहे. जानेवारीत विचारणारीला तूच नाही म्हणशील. उरलेले रथसप्तमीपर्यंत खपतील.

इंदूरकर: फोटोपेक्षा रील टाक. उभा व्हिडिओ, खिडकीचा उजेड, सुई चालताना हात दिसू देत. आणि किंमत लिही बाई! 'इनबॉक्स करा' वाचलं की मी तरी पुढे सरकते. हॅशटॅगमध्ये वाण आणि उत्तरायण, दोन्ही.

रावपुऱ्याची काकू: स्टेटस २४ तासांत जातं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये ठेव, भिशीच्या ग्रुपवर लिंक दे.

क्रोशेवाली: काळ्या दोऱ्याचे चालतील?

इंदूरकर: संक्रांतीला काळंच तर हवं. कड पांढरी घाल, हलव्यासारखी. माझे दोन डझन धर.