उमतितीने २०१८चा वर्ल्ड कप खेळायला नको होता

डावखुरा:
फ्रान्सचा फुटबॉल बचावपटू सॅम्युअल उमतितीने सप्टेंबर २०२५मध्ये निवृत्ती घेतली, वय अवघं ३१. सगळे त्याच्या गुडघ्याला दोष देतायत. माझ्या मते खरा दोष २०१८च्या निर्णयाचा आहे. डाव्या गुडघ्याची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, तेव्हाच झिजली होती. शस्त्रक्रिया केली असती तर रशियातल्या वर्ल्ड कपला मुकला असता, म्हणून तो तसाच खेळला. बार्सिलोनाने २०१६मध्ये अडीच कोटी युरो मोजून आणलेला हा पोरगा तेव्हा जगातल्या उत्तम डावखुऱ्या सेंटर बॅकपैकी (मधल्या बचावपटूंपैकी) एक होता. त्यानंतर तसा उमतिती पुन्हा दिसलाच नाही. त्याच जागी खेळणारा किंपेंबे संघात होता की! डेन्मार्कविरुद्ध तोच खेळला.

पेनल्टी बॉक्स:
अजिबात पटलं नाही. १० जुलै २०१८, सेंट पीटर्सबर्ग, सेमी फायनल. ग्रीझमनचा कॉर्नर आला आणि उमतितीने पहिल्या पोस्टवर बेल्जियमच्या फेलायनीच्या पुढे घुसून हेडर मारला. फेलायनी त्याच्याहून चांगलाच उंच! त्या एकाच गोलवर फ्रान्सने बेल्जियमला हरवलं. अशा मॅचसाठीच तर लहानपणापासून घाम गाळलेला असतो. चोवीस वर्षांच्या खेळाडूला घरी बसायला सांगणारे आपण कोण?

अस्थिमित्र:
मी फिजिओ आहे, म्हणून थोडं सविस्तर. कूर्चेला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे ती स्नायूसारखी भरून येत नाही. सूज उतरली, दुखणं थांबलं की खेळाडूला बरं वाटतं, पण खालची झीज तशीच राहते. डिफेंडरचं काम म्हणजे उडी मारून एका पायावर उतरणं आणि धावता धावता गर्रकन वळणं. दोन्हींत सगळा भार गुडघ्यावर. मात्र शस्त्रक्रिया केली असती तर तो नक्की पूर्वीसारखा झाला असता, असंही कुणी छातीठोकपणे सांगू नये. कूर्चेच्या शस्त्रक्रियेनंतर पूर्वीचा वेग परत न मिळालेले खेळाडू भरपूर आहेत.

पेनल्टी बॉक्स:
मग तर माझंच म्हणणं खरं! दोन्हीकडे धोका असेल तर निदान वर्ल्ड कप तरी पदरात पडला. फ्रान्सचाच दुसरा बचावपटू कॉसिएल्नी, त्याचं काय झालं बघा. टाचेचं दुखणं वर्षानुवर्षं सांभाळत आर्सेनलसाठी खेळला आणि मे २०१८मध्ये अॅटलेटिकोविरुद्ध अकिलीस टेंडन (टाचेमागची शीर) तुटला. वर्ल्ड कप त्याने घरूनच पाहिला.

डावखुरा:
कॉसिएल्नीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. दुखणं अंगावर काढलं की शेवटी हेच होतं. आणि ‘सांगणारे आपण कोण’ म्हणताना एक गोष्ट विसरू नका. वर्ल्ड कप तोंडावर असताना कुठला खेळाडू नको म्हणेल? म्हणूनच हा निर्णय एकट्या खेळाडूवर सोडता कामा नये. राष्ट्रीय संघाशी काहीही देणंघेणं नसलेला डॉक्टर हवा, आणि त्याचा नकार शेवटचा.

पिवळं कार्ड:
सगळे २०१८वरच थांबलात. बार्सिलोनात तो बाकावर बसला, प्रेक्षकांच्या शिट्ट्या ऐकल्या. २०२२मध्ये इटलीच्या लेचे क्लबला लोनवर (उसना) गेला, तेव्हा तो संपला असंच सगळे म्हणत होते. त्याच गुडघ्यावर त्या हंगामात तो ‘सेरी आ’ या इटलीच्या अव्वल लीगमध्ये नियमित खेळला आणि लेचे खालच्या लीगमध्ये जाण्यापासून वाचलं. जानेवारी २०२३मध्ये लाझिओच्या प्रेक्षकांकडून वर्णद्वेषी घोषणा झाल्या, तरी तो मैदान सोडून गेला नाही, मॅच लेचेनेच जिंकली. कारकीर्द वाया गेली म्हणणाऱ्यांनी तो हंगाम पाहावा.

डावखुरा:
लेचेबद्दल आदरच आहे. पण ऐन उमेदीत तो कुठे असायला हवा होता, हा माझा प्रश्न तसाच उरतो.