सल्ला हवा: 'हॉर्मोन रिसर्च इन पेडिअ‍ॅट्रिक्स'चा नेमका कोणता आकडा धरायचा?

वाढीचा_तक्ता
नमस्कार मंडळी. उंची खुंटलेल्या मुलांना ग्रोथ हॉर्मोन दिल्यानंतरच्या पाठपुराव्यावरचा लेख तयार आहे. मार्गदर्शकांनी वरचं जर्नल सुचवलंय. पण एका ठिकाणी इंपॅक्ट फॅक्टर दिसतो, दुसरीकडे साइटस्कोर, तिसरीकडे एसजेआर, आणि तिन्ही आकडे वेगळे. क्वार्टाइल (विषयातल्या क्रमवारीच्या चार भागांपैकी कितवा) कुठला लिहायचा? खात्री कुठे करायची? बढतीच्या अर्जात यातलं काय चालतं?

संदर्भसूची
आकड्यांच्या आधी जर्नल पक्कं करा, सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. 'हॉर्मोन्स' हे ग्रीसच्या अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थेचं. 'हॉर्मोन अँड मेटाबॉलिक रिसर्च' थीम या जर्मन प्रकाशकाचं. 'हॉर्मोन्स अँड बिहेवियर' एल्सव्हिअरचं. तुम्ही म्हणताय ते बाझेलच्या कार्गर या प्रकाशकाचं, जे २००९ पर्यंत नुसतं 'हॉर्मोन रिसर्च' होतं. जुन्या नावाचा आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) ०३०१-०१६३, नव्याचा छापील आवृत्तीचा १६६३-२८१८. नावाने शोधलंत तर जुनी नोंद हाती लागू शकते, म्हणून कायम आयएसएसएन टाकूनच शोधा.

खात्रीसाठी: इंपॅक्ट फॅक्टर काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीची 'मास्टर जर्नल लिस्ट' फुकट आहे, त्यात जर्नल कुठल्या इंडेक्समध्ये (निवडक जर्नलांच्या सूचीत) आहे ते कळतं. स्कोपस या एल्सव्हिअरच्या डेटाबेसच्या 'सोर्सेस' पानावर साइटस्कोर, स्निप आणि एसजेआर लॉगिनशिवाय दिसतात. खरा इंपॅक्ट फॅक्टर मात्र 'जर्नल सायटेशन रिपोर्ट्स'मध्येच असतो आणि त्याला वर्गणी लागते, तेव्हा कॉलेजच्या ग्रंथपालांना गाठा. गूगलवर पहिल्या पानावर येणाऱ्या भलत्याच साइटवरचा आकडा उचलू नका. आणि इंपॅक्ट फॅक्टरच्या आधी 'ग्लोबल' किंवा 'युनिव्हर्सल' असं विशेषण दिसलं तर तो आकडा सरळ सोडून द्या.

भाजक
हिशोब समजून घेतला की तीन आकडे वेगळे का, हे आपोआप कळेल.

२०२४ चा इंपॅक्ट फॅक्टर म्हणजे २०२२ आणि २०२३ मध्ये छापलेल्या मजकुराला २०२४ मध्ये मिळालेली सायटेशन्स (इतर लेखांनी घेतलेले संदर्भ), भागिले त्या दोन वर्षांतले संशोधन लेख आणि रिव्ह्यू. गोम अशी की संपादकीयं आणि पत्रं भाजकात धरत नाहीत, पण त्यांना मिळालेली सायटेशन्स अंशात धरतात. समजा दोन वर्षांत १५० लेख आले आणि सायटेशन्स ४५०, तर आकडा ३.०. त्यातल्या एकाच मार्गदर्शक तत्त्वांच्या लेखाला १५० सायटेशन्स मिळाली असतील, तर उरलेल्या १४९ लेखांची सरासरी जेमतेम २ भरते. तुमचा लेख त्या १४९ मध्ये असणार, हे ध्यानात ठेवा.

या जर्नलच्या बाबतीत हे फार लागू पडतं. मुलांच्या मधुमेहावरची 'इस्पॅड' या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं इथेच छापून आली. ती २०२५ आणि २०२६ च्या इंपॅक्ट फॅक्टरमध्ये धरली जातील आणि २०२७ च्या हिशोबातून बाहेर पडतील. तेव्हा मधल्या दोन वर्षांत आकडा चढला तर जर्नलचा दर्जा एकदम वाढला असं समजू नका, नंतर उतरला तर घसरला असंही नाही. 'थायरॉइड' या जर्नलमध्ये अमेरिकन थायरॉइड असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वं जानेवारी २०१६ मध्ये आली, म्हणून त्यांचा भार २०१७ आणि २०१८ च्या आकड्यांवर पडला.

साइटस्कोर चार वर्षांचा असतो: चार वर्षांतले लेख आणि त्यांना त्याच चार वर्षांत मिळालेली सायटेशन्स. शिवाय स्कोपसमधल्या जर्नलांची संख्या मोठी. त्यामुळे तो बहुधा इंपॅक्ट फॅक्टरपेक्षा मोठा दिसतो. दोघांची तुलना करूच नका. एसजेआरमध्ये सायटेशन कुठल्या जर्नलमधून आलंय त्यावर त्याचं वजन ठरतं, आणि स्निपमध्ये त्या विषयात एकूण किती सायटेशन्स होतात ते धरतात.

वाढीचा_तक्ता
धन्यवाद, भाजक. ग्रोथ हॉर्मोनचे निकाल कळायलाच वर्षं जातात. मग दोन वर्षांची मुदत आमच्या विषयाला तोकडी नाही का? आणि क्वार्टाइलचं राहिलंच.

भाजक
तोकडीच आहे. अंतिम उंचीवरचे लेख सावकाश उद्धृत होतात आणि मग पुष्कळ वर्षं होत राहतात. म्हणून 'जर्नल सायटेशन रिपोर्ट्स'मध्येच पाच वर्षांचा इंपॅक्ट फॅक्टर आणि 'साइटेड हाफ-लाइफ' (उद्धृत होणाऱ्या लेखांचं मध्यक वय) पाहा. सेल्फ-सायटेशन (जर्नलने स्वतःच्याच लेखांना दिलेली सायटेशन्स) वगळून काढलेला आकडाही तिथेच असतो. तो मूळ आकड्यापेक्षा बराच खाली असेल तर जपून. आणि सायटेशन्सच्या वितरणाचा आलेख जरूर उघडा, त्यात लेखांचा मध्यक दिलेला असतो. माझ्या मते जर्नल निवडताना सगळ्यात प्रामाणिक आकडा तोच.

क्वार्टाइल जर्नलला नाही, जर्नल-अधिक-विषयाला मिळतो. हे जर्नल 'एंडोक्रायनॉलॉजी अँड मेटाबॉलिझम' आणि 'पेडिअ‍ॅट्रिक्स' अशा दोन विषयांत मोडतं. पहिल्यात 'सेल मेटाबॉलिझम'सारखी जर्नल्स आहेत, तिथे बालरोगाचं जर्नल खाली जाणारच. म्हणून लिहिताना आकडा, वर्ष, स्रोत आणि विषय चारही लिहा. वर्षातही चूक होते: जून २०२५ मध्ये जाहीर झालेला इंपॅक्ट फॅक्टर २०२४ चा असतो.

रजिस्ट्रार_नव्हे
बढतीचं सांगतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या नियमांत इंपॅक्ट फॅक्टरची अटच नव्हती, इंडेक्सिंगची होती: मेडलाइन, पबमेड सेंट्रल, सायन्स सायटेशन इंडेक्स आणि त्याची विस्तारित यादी, एम्बेस, स्कोपस, डीओएजे (मुक्त जर्नलांची सूची). ते नियम २०२५ मध्ये बदलले. अर्जाला इंडेक्सिंगच्या पानाचा तारखेसकट प्रिंट जोडा. अर्जाआधी नियमांची ताजी प्रत पाहून घ्या, आयोगाची सुधारणा येत असते.

एक सावधगिरी: या जर्नलच्या पुरवण्यांत परिषदांचे गोषवारे छापतात. तुमचा गोषवारा तिथे आला असेल तर त्याला लेख म्हणून दाखवू नका. उल्लेखात 'सप्लिमेंट' शब्द दिसला की छाननी करणारे तिथेच थांबतात.

संदर्भसूची
लेख छापून आल्यावर जर्नलचा आकडा मिरवण्यापेक्षा स्वतःच्या लेखाचा दाखवा. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 'आयसाइट' साइटवर पबमेड क्रमांक टाकला की रिलेटिव्ह सायटेशन रेशो (त्याच विषयाच्या तुलनेत तुमच्या लेखाची सायटेशन्स) मिळतो, तोही फुकट. १.० म्हणजे एनआयएचच्या निधीतून झालेल्या लेखांचा मध्यक. पहिल्या वर्षी तो पाहण्यात अर्थ नाही, सायटेशन्स साचू द्या.

आणि लेखातली माहिती फक्त भारतीय मुलांची असेल तर 'इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स' आणि 'इंडियन जर्नल ऑफ एंडोक्रायनॉलॉजी अँड मेटाबॉलिझम' यांचाही विचार करा, औषध लिहून देणारा वाचक तिथे आहे. कार्गरकडेच पाठवायचा असेल तर उंचीचे एसडीएस (वयाच्या सरासरीपासून किती प्रमाणित विचलनं दूर) कुठल्या तक्त्यावरून काढले ते पद्धतीच्या भागात स्पष्ट लिहा. आयएपीचे (भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे) २०१५ चे तक्ते वापरले असतील तर शेजारी डब्ल्यूएचओच्या तक्त्यावरचे एसडीएसही द्या, कारण परदेशी परीक्षक पहिला प्रश्न बहुधा तोच विचारतात.