इंजिनात डोकवायला स्वस्त कॅमेरा: साधा वायरवाला घ्या, वाकणाऱ्याच्या नादी लागू नका

तेलकट_हात
मंडळी, मत आधीच सांगून टाकतो म्हणजे भांडायला सोपं. घरी गाडीवर हात चालवणाऱ्याने बोरोस्कोप, म्हणजे भोकातून आत डोकवायचा बारीक कॅमेरा, घ्यायचा तर ५.५ मिमी जाडीचा, यूएसबी वायरने फोनला लागणारा साधा घ्यावा, बस. माझी गाडी सकाळी थंड असताना मिसफायर करायची, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटायचंच नाही, स्कॅनरवर पी०३०२ म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर. कॉइल आणि प्लग शेजारच्या सिलिंडरशी बदलून बघितले तरी कोड हलेना, मग प्लग काढून कॅमेरा सोडला तर बाकी तीन पिस्टन काळेकुट्ट आणि दोन नंबरचा घासून धुतल्यासारखा लख्ख. कुलंट आत येऊन वाफेने कार्बन धुतला जात होता, इंजिन आणि वरच्या हेडमधलं गॅस्केट गेलेलं. एवढं कळायला महागाचा कॅमेरा लागला नाही. वायफायवाला मात्र नकोच, चित्र मागून येतं, तुम्ही वायर फिरवता आणि ते सावकाश येतं. आणि खोक्यावरच्या १०८० वगैरे आकड्यांना भुलू नका, स्वस्तातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सर ६४० बाय ४८० चाच असतो आणि चित्र ताणून मोठं केलेलं असतं.

खटारा_प्रेमी
वायफायबद्दल सहमत, बाकी साफ असहमत. तुमचा आजार पिस्टनवर होता म्हणून दिसला हो. सरळ कॅमेरा प्लगच्या भोकातून खालीच बघणार, आणि व्हॉल्व्ह कुठे असतात? वर, प्लगच्या अगदी शेजारी. जळलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बघायचा तर टोक मागे वळून वर बघायला पाहिजे, म्हणजे १८० अंश वळणारंच हवं. लोक म्हणतात सोबत आरसा मिळतो की. तो आरसा लावला की फोकस जातो, एलईडीचा उजेड त्याच्यावरून परत लेन्समध्ये येतो, नुसतं पांढरं. वर माझा तर बाहेर काढताना आट्यांना अडकून निसटला आणि पिस्टनवर जाऊन बसला, तारेच्या टोकाला घट्ट ग्रीस लावून एक अख्खी दुपार त्याला उचलत बसलो होतो. तेव्हापासून हूक, मॅग्नेट, आरसा हे सगळं खोक्यातच.

गेजवाला
तुम्ही दोघं कॅमेऱ्यावरून भांडताय, मी म्हणतो आधी कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, घ्या. कॅमेऱ्यात सगळं छान दिसणारा सिलिंडर हवा सोडत असू शकतो, झिजलेली रिंग फोटोत दिसत नाही. लीकडाऊन टेस्ट केली, म्हणजे सिलिंडरमध्ये बाहेरून दाबाने हवा भरली, तर ती कुठून जाते ते कानाने कळतं. ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. तेलकटराव, तुमचं गॅस्केटही असंच सापडलं असतं.

तेलकट_हात
सापडलं असतं, मान्य. पण लीकडाऊनला कॉम्प्रेसर लागतो, तो किती जणांकडे आहे? कॅमेरा खिशात मावतो आणि फक्त प्लगच्या भोकातूनच बघता येतं असंही नाही. ऑइल टाकायच्या तोंडातून कॅमशाफ्ट आणि कुठे कुठे टायमिंग चेनसुद्धा दिसते, ऑक्सिजन सेन्सर काढला की कॅटची (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची) जाळी तुटलीय का ते दिसतं. गेजने यातलं काय कळणार? हां, मिसफायरला आधी कॉम्प्रेशन बघा हे खरंय.

डिझेलवाला_दादा
पेट्रोलवाल्यांची चैन आहे, १२ किंवा १४ मिमीच्या आट्यांचं भोक मिळतं. आमच्याकडे डिझेलला स्पार्क प्लग नसतो, तापवायचा ग्लो प्लग असतो, त्याच्या भोकाचं आतलं तोंड इतकं बारीक की ५.५ जाईल याची खात्रीच नाही. इंजेक्टर काढायचे म्हणजे वेगळाच ताप. माझं म्हणणं एवढंच, आधी भोक मोजा मग कॅमेरा घ्या. ३.९ मिमीचे मिळतात, पण उजेड कमी पडतो.

नवा_गडी
दोन लेन्सवाला घेतला मी, एक पुढे एक बाजूला. आंधळा मागतो एक डोळा, म्हटलं देव दोन देतोय तर घ्या 😄 पण पिस्टन नुसता धुरकट दिसतो, आणि सिलिंडरच्या भिंतीवर तिरक्या रेघाच रेघा आहेत. इंजिन गेलं का माझं?

खटारा_प्रेमी
तिरक्या एकमेकींना छेदणाऱ्या रेघा आहेत ना? मग पेढे वाटा, ते क्रॉसहॅच आहे, कारखान्यातच होनिंग करताना, म्हणजे भिंत घासून तयार करताना, मुद्दाम पाडतात, ऑइल धरून ठेवायला. उभे ओरखडे दिसले, नखाला लागतील असे वाटणारे, तर घाबरा.
धुरकटाचं म्हणाल तर फोकस ठरलेला असतो, साधारण तीन सेंमीच्या अलीकडचं बऱ्याच कॅमेऱ्यांना नीट दिसत नाही. पिस्टन वर असला की लेन्सच्या नाकाशीच येतो. पिस्टन खाली न्या, भिंतही पूर्ण दिसेल.

गेजवाला
आणि खाली नेताना क्रँक पुलीला पाना लावून हाताने, इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने. स्टार्टर मारायचा नाही! कॅमेरा आधी बाहेर. प्लग काढायच्या आधी तो बसतो त्या खोल खड्ड्यातली धूळ हवेने उडवली होती ना? आणि इंजिन गार होऊ द्या, हे कॅमेरे ७०-८० अंशांच्या वर टिकत नाहीत.

तेलकट_हात
बघा, हे सगळं साध्या कॅमेऱ्यानेही होतंय. वाकणारा घेतला तर किंमत काही पटीने, आणि आत ओढायच्या तारा असतात त्या तुटल्या की तोही सरळच. वर्षातून दोनदा बघायला चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला कशाला?

खटारा_प्रेमी
एकदा उगीच हेड उघडून बघा, मसाला कशाला म्हणतात ते कळेल.

नवा_गडी
पिस्टन खाली नेला, भिंत एकदम मस्त दिसली, धन्यवाद! कॉम्प्रेशनही मोजलं, तीन नंबर कमी आहे. थोडं ऑइल टाकून परत मोजलं तरी वाढलं नाही, म्हणजे रिंगा नाहीत, व्हॉल्व्ह असू शकतो ना? बाजूच्या लेन्सला तो कडेने जेमतेम दिसतो. वाकणारा कोणी विकतंय का वापरलेला?

तेलकट_हात
गेला तिकडच्या पार्टीत 🤦