मदत हवी आहे : रूलेटच्या 'दुप्पट' पद्धतीतला धोका भावाला कसा समजावू?

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षभरात चार वेळा पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर रूलेट खेळायला जाऊन आला. म्हणजे फिरत्या चाकावर गोळी लाल घरात थांबेल की काळ्या, यावर पैसे लावायचे. आता त्याच्याकडे चौकटीची वही आहे. लाल-काळ्या पेनाने प्रत्येक फेरी नोंदवलेली. 'सलग पाच वेळा काळा आला की लाल येणारच' असं तो अगदी मनापासून सांगतो.

लालवर 500 लावायचे, हरलं की दुप्पट, जिंकेपर्यंत. मी हिशोब मांडला. सहा वेळा हरलं तर 31,500 गेले, सातव्याला 32,000 लावायचे, तेही जिंकून हाती येणार फक्त 500. शिवाय टेबलाला कमाल मर्यादा असते, तिथे दुप्पट करणं थांबतंच. एका शून्याच्या चाकावर 37 घरं, त्यात लाल 18च. म्हणजे सलग सहा हरण्याची शक्यता साधारण 55 मध्ये 1. एका रात्रीत शंभरेक फेऱ्या खेळणाऱ्याला हे कधीही गाठू शकतं. चाकाला मागचा आकडा आठवत नाही, हे मात्र त्याला काही केल्या पटत नाही.

मागच्या खेपेला दुकानाच्या मालाचे पैसे गेले. वहिनी काही बोलत नाही, पण रात्री जागी असते. आईला अजून सांगितलेलं नाही.

कुणी स्वतः यातून बाहेर पडलंय का? घरच्यांचं कुठलं बोलणं मनाला लागलं? कोल्हापूर-सांगलीकडे जुगाराच्या सवयीवर काम करणारे समुपदेशक माहीत असतील तर कृपया सांगा. त्याला दुखवायचं नाहीये मला.