शीअरनेस बोट स्टोअर : तिरपे दांडे नाहीत, तरी सांगाडा वाऱ्यात उभा कसा?

प्रश्न
इंग्लंडमधल्या शीअरनेस गोदीतलं हे १८५८-६० चं कोठार २१० फूट लांब, १३५ फूट रुंद आणि चार मजली आहे. बाहेरून नुसते पन्हळी पत्रे आणि खिडक्यांच्या सलग रांगा. भार घेणारी विटांची भिंत नाही, खांबांमध्ये तिरपे दांडेही नाहीत. मग आडवा जोर कोण घेतं?

प्रतिसाद १
सांधे घेतात. तुळई खांबावर नुसती टेकवलेली नाही, तिची टोकं पुऱ्या उंचीत खांबाला बोल्टने आवळली आहेत. वाऱ्याने खांब झुकू लागला की सांध्याच्या वरच्या आणि खालच्या बोल्टांवर उलटसुलट जोर येतो आणि कोन काटकोनच राहतो. तुळईची उंची दुप्पट केली तर बोल्टांवरचा जोर निम्मा होतो.

तिरपे दांडे टाळण्याचं कारण वापरातच आहे. मधला गाळा छपरापर्यंत मोकळा. होड्या तिथे आणायच्या, यारीने उचलायच्या आणि दोन्ही बाजूंच्या मजल्यांवर सरकवायच्या. दांडे घातले असते तर वाटच बंद! या कोठाराचा आराखडा करणारे कर्नल ग्रीन आधी बेंगॉल इंजिनिअर्समध्ये, म्हणजे ब्रिटिश भारतातल्या लष्करी अभियंत्यांच्या पथकात होते. त्यांच्या या आराखड्यात एकही भाग शोभेपुरता नाही.

प्रतिसाद २
थोडी भर. इंग्लंडमधल्याच १७९७ च्या डिदरिंग्टन गिरणीत आत लोखंडी सांगाडा होता, पण इमारतीला ताठपणा विटांच्या बाहेरच्या भिंतींनी दिला. १८५१ च्या क्रिस्टल पॅलेस या लंडनच्या काच-लोखंडी प्रदर्शनगृहात ३ फूट उंच तुळया पाचरी ठोकून खांबांना घट्ट बसवल्या होत्या, शिवाय काही ठिकाणी तिरपे दांडे होतेच. बहुमजली इमारतीचा सगळा आडवा जोर केवळ ताठ सांध्यांवर सोपवण्याची हिंमत शीअरनेसला दिसते. खांबाचा छेदही इंग्रजी 'एच'सारखा, म्हणजे आजच्या पोलादी खांबाचाच.

प्रतिसाद ३
अशा इमारतीची पाहणी करताना आधी लोखंड ओळखा. आतले कोपरे गोलसर आणि रिव्हेट नाहीत, तर ते बहुधा ओतीव. पट्ट्या आणि कोन रिव्हेटने जोडलेले, तर घडीव. ओतीव लोखंड दाबाला दणकट, ताणाला कच्चं; वाकत नाही, एकदम तडकतं. म्हणून लांब पल्ल्याच्या तुळया घडीव लोखंडाच्या.

खरा शत्रू सांध्यात मुरणारं पाणी. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, दोन पृष्ठं फाकवतो, आणि ओतीव पट्टीला चीर जाते. बोल्ट सैल पडले तर सांगाडा डुलायला लागतो. ओतीव भागावर साधं वेल्डिंग करू नका, शेजारीच नवी चीर पडते. धातूचे टाके घालून शिवण करतात. रंग खरवडण्याआधी त्यात शिसं आहे का तपासा. छपराचं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळी आधी दुरुस्त करा, रंग मागाहून.