बडोद्याचा पूर आणि हवामानबदलाची कुमार कादंबरी: दोष कुणाच्या माथी?

सुरसागरकाठ (धागाकर्ता)
हवामानबदलावर कुमारांसाठी कादंबरी लिहायची, तर बडोद्याएवढी तयार जागा मराठीला शोधून मिळणार नाही. जुलै २०१९ च्या अखेरचा पूर आणि ऑगस्ट २०२४ चा पूर. पहिल्या वेळी पाचवीत असलेली मुलगी दुसऱ्या वेळी दहावीत असते. पण हवामानबदलाला खलनायक करू नये, असं माझं ठाम मत आहे. पावागढच्या डोंगराकडचा पाऊस आणि आजवा धरणातून सुटलेलं पाणी विश्वामित्री नदीतून शहरात पोचायला वेळ लागतो, म्हणून पाऊस उघडल्यावरही नदी चढत राहते. ते पाणी पूर्वी काठच्या कोतरांत, म्हणजे घळींत, पसरायचं. कोतरांत भराव पडला, वर इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्याच एका इमारतीत आपलं घर आहे आणि ते घेताना आईबाबांना सगळं ठाऊक होतं, हे कळतं तिथे ती मुलगी मोठी होते. सगळं आभाळावर ढकललं की मोठी माणसं सुटतात.

मापाड्या
साफ असहमत. पाणी कुठे साचणार हे भराव ठरवतो, पण एका दिवसात किती कोसळणार ते आभाळच ठरवतं. हवा १ अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. हे गाळलंत तर ती नगररचनेची कादंबरी होईल. चांगली होईल, पण दुसरीच.

मुलीच्या हाती पर्जन्यमापक द्या. प्लॅस्टिकची बाटली खांद्याखाली कापायची आणि वरचा तुकडा उलटा नरसाळ्यासारखा बसवायचा. बाटलीचा तळ खाचांचा असतो, त्यामुळे सुरुवातीचे मिलिमीटर हमखास चुकतात. तळात खडे टाकून, भिंत सरळ होते तिथपर्यंत पाणी भरायचं आणि तिथे शून्याची रेघ मारायची. बाटली कठड्याला चिकटून ठेवली तर तिरका पाऊस अडतो. नोंद सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. ३१ जुलैला दुपारी पडलेला पाऊस १ ऑगस्टच्या रकान्यात जातो. १ मिमी म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर १०० मिमी पडला, तर १०,००० लिटर. हा गुणाकार तिने स्वतः केला की वाचणाऱ्या मुलालाही पूर कळतो.

सुरसागरकाठ
मापाचं पटलं. पण हवामानाची सरासरी ३० वर्षांची काढतात. पाच वर्षांच्या वहीवरून तिने निष्कर्ष काढला, तर लेखक मुलांना चुकीचं शिकवतोय.

मापाड्या
तर काढू नये. आपली वही अपुरी आहे हे तिचं तिलाच उमगावं. पंधराव्या वर्षी हे पचवणं सोपं नसतं आणि प्रकरणाला तेवढा ऐवज पुरतो.

रावपुऱ्याची
अहो, तुम्ही दोघांनीही मगरीला वगळलंत! विश्वामित्रीच्या मगरी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठच्या मातीत अंडी घालतात, पिल्लं पावसाळ्याच्या तोंडावर निघतात. नर की मादी हे अंड्यांच्या तापमानावर ठरतं. २८ ते ३१ अंशांत नुसत्या माद्या, ३२.५ च्या आसपास नर, ३३ ला पुन्हा दोन्ही. ‘उष्मा वाढला की नरच नर’ असं सरसकट लिहिलंत तर चूक होईल. शिवाय हा पारा घरट्यातला, हवेतला नव्हे. सावली, खोली, मातीची ओल, सगळ्यावर तो बदलतो. काठावरची झाडं तोडली की सावली जाते, म्हणजे तुमचा भराव आणि यांचं तापमान एकाच घरट्यात भेटतात.

आता खरा पेच. २०२५ च्या उन्हाळ्यात पूर टाळण्यासाठी नदी खोल आणि रुंद करायचं काम झालं, तोच घरट्यांचा हंगाम. मुलीच्या घरात दोनदा पाणी शिरलंय आणि समोर काठ खरवडणारं यंत्र आहे. तिने कोणती बाजू घ्यावी?

सुरसागरकाठ
यंत्राची. ज्या घरात गाद्या, धान्य, वह्या भिजल्या, तिथल्या मुलीने घरट्यासाठी काम थांबवायला सांगणं मला खोटं वाटेल.

रावपुऱ्याची
थांबवायला कोण सांगतंय? काठाचे तुकडे पाडा, आधी घरटी हुडकून खुणा करा, तो तुकडा पिल्लं निघेपर्यंत सोडा. अंडी उबायला दोन महिने लागतात आणि पाऊस जूनमध्ये येतो. एप्रिलमधल्या घरट्यासाठी वाट पाहिली तर तिथलं खोदकाम त्या वर्षी होत नाही. ही तारखांची ओढाताण कादंबरीत दिसायला हवी, आणि त्या एका तुकड्यामागे कुणाची वस्ती आहे हेसुद्धा.