मदत हवी आहे: 86 इंची भिंत, समोर पलंग आणि झुकलेल्या पुस्तकांच्या फळ्या

पसारा
बेडरूममधली दोन सुटी कपाटं काढून एकाच भिंतीला सलग कपाट करायचं आहे. भिंत कोपऱ्यापासून दाराच्या चौकटीपर्यंत 86 इंच, फॉल्स सीलिंग 87 इंचांवर. भिंतीपासून पलंग 52 इंचांवर, तो हलवता येणार नाही. भिंत बाहेरची आहे, खालच्या फूटभर पट्ट्यात ओल दिसते. टांगायचे कपडे: आखूड 40, लांब 12. बाकी सगळे घड्यांचे.

प्रश्न तीन. स्लायडिंग दारं घ्यावीत की बिजागरीची? 84 इंच उंच, 24 इंच खोल तयार कपाट मिळतंय, ते बसेल ना? आणि पुस्तकांच्या 36 इंची पार्टिकल बोर्डच्या फळ्या मधोमध अर्धा इंच झुकल्यात, त्या वाचतील का?

काटकोन
उंचीचं आधी, कारण गाडी तिथेच अडणार आहे. तयार कपाट जमिनीवर आडवं जोडतात आणि मग उभं करतात. उभं होताना छताला लागतो तो कर्ण. 84 चा वर्ग अधिक 24 चा वर्ग, त्याचं वर्गमूळ 87.4. म्हणजे अर्ध्या इंचापेक्षाही कमी फरकाने अडकणार. 80 इंची बॉक्स, म्हणजे पायाशिवायचं कपाट, घ्या (कर्ण 83.5) आणि खालची 4 इंची चौकट वेगळी करून घ्या. चौकट आधी लेव्हलमध्ये बसवायची, बॉक्स उभा करून त्यावर चढवायचा. फरशीचा उतार चौकटीखाली पाचरी सारून तिथेच काढून टाकला की दारं नंतर तिरकी दिसत नाहीत.

दारं माझ्या मते स्लायडिंग. समोर पलंग आहे, दार उघडायला जागाच लागत नाही.

रंधा
उंचीबद्दल काटकोन यांच्याशी सहमत, दारांबद्दल नाही. स्लायडिंगला दोन ट्रॅकची जागा द्यावी लागते, म्हणून कपाटाची खोली 24 वरून 27 वर जाते. ओलीसाठी मागे 2 इंच सोडले की पलंगापर्यंत 23 इंच उरतात. बिजागरीच्या दारांना 26 उरतात. शिवाय स्लायडिंगमध्ये एका वेळी अर्धंच कपाट उघडतं, आणि आतल्या ड्रॉवरचं तोंड दारांच्या एकमेकांवर येणाऱ्या पट्ट्यामागे गेलं तर तो ड्रॉवर पूर्ण बाहेरच येत नाही. ही चूक सर्रास होते.

इथे 28 इंची तीन बॉक्स करा, दोन्ही टोकांना एकेक इंचाची पट्टी. भिंत कधीच सरळ नसते, ती पट्टी रंधून भिंतीला जुळवता येते. प्रत्येक बॉक्सला 14 इंची दोन दारं. माणूस दोन उघड्या दारांच्या मधे उभा राहतो, त्यामुळे 26 इंच पुरतात. पुरत नाहीत ती 20-21 इंचाची रुंद दारं.

ड्रॉवर दाराच्या आत असतील तर एक गोष्ट सुताराला आधीच सांगा. साधी बिजागरी 105-110 अंशांत थांबते आणि दाराची जाडी थोडी आत उरते. ड्रॉवर त्या दाराला घासतो. दोन्ही बाजूंना दीड इंचाच्या उभ्या पट्ट्या लावल्या की हे टळतं. बॉक्सची आतली रुंदी 26½, पट्ट्या जाऊन 23½. टेलिस्कोपिक चॅनलला (ड्रॉवर ज्यावर सरकतो ती पट्टी) प्रत्येक बाजूला अर्धा इंच, म्हणून ड्रॉवरचं बाहेरचं माप 22½, त्यातूनही ढिलाईसाठी एखादा मिलिमीटर कमी. ड्रॉवर रुंद झाला तर जाम होतो. अरुंद झाला तर चॅनलमागे पातळ पट्टी घालून भागतं. चॅनल 20 ऐवजी 14 इंची घ्या, नाहीतर ड्रॉवर उघडल्यावर पलंगापुढे उभं राहायला जागा राहणार नाही.

फडताळ
आतली मांडणी कपडे मोजून करा, बॉक्स मोजून नाही. आखूड कपड्याला रॉडवर सव्वा इंच धरा. 26½ इंचांच्या रॉडवर 21 बसतात, म्हणजे एका बॉक्समध्ये वर-खाली दोन रॉड लावले की 42. तुमचे 40 तिथेच संपले. आतली उंची 78 इंच मिळते, वरचा रॉड तळापासून 76 वर, खालचा 37 वर. वरचा रॉड हात उंचावूनच गाठावा लागेल, रोजचे कपडे खाली ठेवा. लांब 12 दुसऱ्या बॉक्समध्ये, 60-62 इंचांवर रॉड, त्याच्या वर जाड पांघरुणांचा कप्पा. रॉडचा मध्य पाठीपासून 11 इंच हवा. हँगर साधारण 17-18 इंच रुंद असतो, रॉड पुढे आला तर दार बाह्यांवर मिटतं.

तिसरा बॉक्स घड्यांचा. कप्प्यांत 10 ते 12 इंच अंतर ठेवा. त्याहून उंच कप्पा दिला की गठ्ठा उंच होतो आणि खालचा शर्ट ओढला की सगळा कोसळतो. खोल कप्प्यात मागे दुसरी रांग लावू नका, ती कायमची विसरली जाते.

ओल मात्र कपाटाने लपवायची गोष्ट नाही. आधी गळती शोधा, मग भिंत कोरडी होऊ द्या. मागची 2 इंची फट वर-खाली उघडी हवी, पुढच्या पायपट्टीत जाळी आणि वरचे 3 इंच मोकळे. वर पट्टी मारून बंद केलंत तर हवा फिरणार नाही आणि बुरशी कपड्यांपर्यंत येईल. खालच्या चौकटीला ओल सोसणारा प्लाय, आणि कापलेल्या सगळ्या कडा सील केलेल्या. बोर्ड फुगतो तो पृष्ठभागातून नाही, उघड्या कडेतून.

काटकोन
26 इंचांचा हिशोब मान्य, स्लायडिंगचा आग्रह सोडतो. पुस्तकांचं सांगतो. एक फूट पुस्तकांचं वजन सहज 9-10 किलो भरतं, फळीभर म्हणजे जवळपास 30. सारखा भार असेल तर झोल लांबीच्या चौथ्या घातात वाढतो: 24 ची फळी 36 केली की पाचपट. जाडीचा परिणाम घनात, म्हणून 18 मिमीऐवजी 25 मिमी घेतली तर झोल एकतृतीयांशाच्या आसपास येतो. तुमच्या फळ्या उलट्या करून मधोमध उभा आधार द्या. आधार सगळ्या फळ्यांत एकाखाली एक आला पाहिजे, तळापर्यंत. नुसत्या उलट्या केल्या तर पार्टिकल बोर्ड पुन्हा झुकेल. कडेला भेगा दिसत असतील तर फळी बदलाच.

पसारा
खूप आभार. 28 इंची तीन बॉक्सच करतो. मागे 2 इंच सोडल्यावर कपाट भिंतीला कसं धरायचं? आणि 78-80 इंच उंच दाराला बिजागऱ्या किती?

रंधा
चार. वरची आणि खालची टोकापासून 4 इंचांवर, उरलेल्या दोन समान अंतरावर. बिजागरीची गोल वाटी (कप) दारात बसते त्याचं भोक 35 मिमी, 18 मिमीच्या दारात साडेबारा मिमीपेक्षा खोल नको, ड्रिलला टेप गुंडाळून खूण करा.

भिंतीसाठी वरच्या फळीमागे 2 इंच जाडीचे लाकडी ठोकळे, प्रत्येक बॉक्सला दोन, त्यातून भिंतीत 10 मिमीचा प्लग आणि किमान 4 इंचांचा स्क्रू. ठोकळ्याशिवाय स्क्रू आवळला तर बॉक्स मागे ओढला जातो आणि दारांची रेषा बिघडते. घरात लहान मूल असेल तर हे ऐच्छिक नाही: दोन-तीन भरलेले ड्रॉवर एकदम उघडले की सगळा भार पुढे येतो. तिन्ही बॉक्स आधी एकमेकांना क्लॅम्प लावून जोडा, पुढची कड एका रेषेत आली की मगच भिंतीला धरा. पाठ ठोकण्यापूर्वी प्रत्येक बॉक्सचे दोन्ही कर्ण मोजा, 2 मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर बॉक्स काटकोनात आणल्याशिवाय खिळा मारू नका.